आप्पांचं तिसरं कोटेशन

येळवंडेआप्पांनी एका दुकानात जाऊन, वस्तू बघून, पैसे देऊन ती सरळ घरी आणली, असं घडल्याचं मला आठवत नाही. चपला घ्यायच्या असल्या तरी ते तीन दुकानं फिरत. प्रत्येक दुकानदाराला बाकीच्या दोघांचे भाव ऐकवत, आणि मग बहुतेक वेळा जुन्याच चपला शिवून घेत. चाकणच्या ज्या कंपनीत मी पहिली नोकरी धरली, तिथल्या खरेदी विभागात आप्पांची उभी हयात गेली होती. तीन पुरवठादारांची कोटेशनं आल्याशिवाय काहीही विकत घ्यायचं नाही, हा कंपनीचा नियम. तो नियम कंपनीच्या गेटपाशी संपतो हे आप्पांना कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, तर त्यावर त्यांनी आणखी दोघांचं मत मागवलं असेल.

आप्पा मूळचे तळवड्याचे. त्यांच्या भावकीच्या जमिनीवर आता काचेच्या इमारती आहेत. तिथून जाताना ते स्कूटरचा वेग कमी करून मला दाखवत. "ती दुसरी लिफ्ट दिसती का? तिथं आमची म्हैस बसायची. आता पोरं लॅपटॉप घिऊन बसत्यात. म्हशीला एसी लागत नव्हता, एवढाच फरक." यात दुःख किती आणि चेष्टा किती, ते मला कधी ओळखता आलं नाही.

ऑफिसात मात्र त्यांची मराठी शुद्ध असायची. फोनवर ते पुरवठादारांशी "आपण", "कृपया", "विचार करावा" असं बोलत. पण भाव तुटेस्तोवर ताणला गेला की त्यांच्या तोंडात गावाकडची बोली यायची. आप्पांच्या "नाही"चं "न्हाई" झालं की आता आणखी वाढवून मिळणार नाही, हे भोसरीपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या वर्कशॉपवाल्यांना ठाऊक होतं. "साहेब, न्हाई म्हणालेत," असं म्हणून ते बिचारे आपल्या मालकाला फोन लावत.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलो होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. हे आप्पांना कळलं त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव घेणं सोडलं. "काय पदवीधर, चहा घेतला का?" "पदवीधर, ती फाईल आण." सुरुवातीला मला वाटलं, थट्टा चालली आहे. थट्टा होतीच. पण बाहेरचा कोणी पुरवठादार आला की तेच आप्पा खुर्चीत जरा ताठ बसून सांगत, "हे आमचे पदवीधर. दर यांना सांगा, हे मला सांगतील." समोरचा मग मला साहेब म्हणायचा. कुणी मला साहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ती आप्पांनी घडवून आणली होती.

घासाघीस कशी करायची हेही त्यांनीच शिकवलं. समोरच्याने भाव सांगितला की आपण काही बोलायचं नाही. आप्पा खणातून पेन्सिल काढत, मग शार्पनर काढत, आणि सावकाश टोक करत बसत. साल गोल गोल उतरत असे. समोरचा माणूस त्या सालीकडे बघत राही, आणि ती टेबलावर पडायच्या आत स्वतःहून भाव खाली आणत असे. आप्पांच्या पेन्सिली कायम बोटभर असत. त्या पेन्सिलीने त्यांनी काही लिहिल्याचं मात्र मी पाहिलं नाही.

अशा माणसाला छंद होता फोटोग्राफीचा, म्हणजे जगातल्या सर्वांत खर्चिक छंदांपैकी एक. कॅमेरा त्यांनी जुना घेतला होता, तोही म्हणे तिसऱ्या मालकाकडून. आप्पांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या, "पहिल्या मालकाकडे विचारलं, दुसऱ्याकडे विचारलं, तवर तो कॅमेरा आपोआप तिसऱ्याकडे गेला."

या कॅमेऱ्याचं कंपनीतलं काम वर्षातून एकदा असे. खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पुजतात. आमच्या या पट्ट्यात मशीन पुजतात. त्या दिवशी शॉपफ्लोअर धुऊन काढलेला असतो, मशीनना झेंडूच्या माळा घातलेल्या असतात, कडेला केळीचे खांब बांधलेले असतात, आणि कामगारांच्या घरच्यांना आत यायची परवानगी असते. आपला माणूस रोज नेमका कुठे जातो, हे बायकामुलांना वर्षातून तेवढंच बघायला मिळतं. प्रत्येकाला मशीनपाशी कुटुंबासह फोटो हवा असतो. तो आप्पा काढत, स्वखर्चाने छापून दिवाळीच्या आत ज्याचा त्याला देत. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी लागलो त्या वर्षी आप्पांनी प्रेस शॉपमधल्या वाघचौरेंचा फोटो काढला. शिवाजी वाघचौरे शॉपमधल्या सर्वांत मोठ्या प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या मशीनवर, पहिल्यापासून होते. त्यांनी तो फोटो जालन्याकडे गावी आईला पाठवला. काही दिवसांनी कँटीनमध्ये ते हसत हसत सांगू लागले, "आप्पा, आईने फोटो डोळ्याला लावून बघितला. म्हणाली, ह्यो समदा पट्ट्यांचा फोटो हाय. आमचा शिवाजी ह्याच्यामागं हाय का?"

सगळे हसले. आप्पांनी ताटातला घास तसाच ठेवला.

चूक कोणाची म्हणायची? शेडमध्ये जाताना चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट घालणं सगळ्यांनाच सक्तीचं. त्या पट्ट्यांचा धर्मच असा की उजेड जिथून येतो तिथेच त्या तो परत पाठवतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडाला की पट्ट्या ट्यूबलाइटसारख्या पेटायच्या, कॅमेरा त्या झगमगाटाला भुलून बाकीचं सगळं काळं करायचा, आणि माणसाचा चेहरा अंधारात जायचा. फ्लॅश बंद ठेवावा तर शेडच्या दिव्यांखाली माणसं कावीळ झाल्यासारखी दिसत. जाकीट काढायला सांगावं तर सेफ्टीवाले आप्पांनाच बाहेर काढणार.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आप्पांनी खुर्चीच्या पाठीला एक जाकीट अडकवलं आणि मला हाक मारली.

"पदवीधर, मोबाईलची बत्ती लाव. माझ्या कपाळापाशी धर."

मी धरली. पट्ट्या लखलखल्या.

"आता हात बाजूला ने. आणखी. पार कपाटापाशी."

मी बत्ती घेऊन कपाटापर्यंत गेलो. पट्ट्या विझल्या. जाकीट साधं कापडासारखं दिसू लागलं. आप्पांनी एका पट्टीवरून अंगठा फिरवला.

"म्हंजे फ्लॅश कॅमेऱ्याव नकोच," ते म्हणाले. "बाजूला पाहिजे. उजेड एकीकडनं, नजर दुसरीकडनं."

त्यांच्या तोंडात गावची भाषा आली होती, म्हणजे हा सौदा ते शेवटपर्यंत ताणणार होते.

तिथून पुढे आप्पांचा फ्लॅश हा आमच्या विभागाचा कायमचा विषय झाला. ते शिकले मात्र मन लावून. एक फ्लॅश असतो तो स्वतःच अंदाज घेऊन उजेड कमी-जास्त करतो. दुसऱ्याला ते आपण हाताने सांगावं लागतं. पहिला दुसऱ्याच्या कितीतरी पट महाग. आप्पांनी निकाल दिला, "माणूस मशीनपाशी उभा राहणार. तो काय पळणार आहे का? हातानेच सांगू." मग कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेल्या फ्लॅशला उडायची वेळ कशी कळणार, हा प्रश्न आला. त्यासाठी दोन लहान डब्या मिळतात. एक कॅमेऱ्यावर बसते, एक फ्लॅशखाली, आणि त्या रेडिओसारख्या आपसात बोलतात. शिवाय उजेड मऊ करायला पांढरी छत्री, आणि हे सगळं उभं करायला स्टँड. भोसरीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने आपला जुना फ्लॅश कमी किमतीत देऊ केला. आप्पांनी तो आठवडाभर "सँपल" म्हणून वापरून परत केला. म्हणाले, सँपल बरं होतं, पण फार जुन्या फ्लॅशचा विजेचा दाब आपल्या कॅमेऱ्याला सोसेलच असं नाही. त्या फोटोग्राफरला बहुधा अजूनही कळलं नसेल की त्याचा फ्लॅश तपासणीत नापास झाला.

म्हणजे काय घ्यायचं ते ठरलं होतं. हाताने चालवायचा नवा फ्लॅश, दोन डब्या, छत्री, स्टँड. उरलं होतं फक्त घेणं.

पुण्यातल्या एका दुकानाने भाव लिहून दिला. पिंपरी कँपातल्या दुसऱ्यानेही, जरा कुरकुरत, दिला. कँपातल्याच तिसऱ्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होतो. दुकानदार तरुण होता, काउंटरवर गर्दी होती.

"लेटरहेडवर द्या," आप्पा म्हणाले.

"काका, एका फ्लॅशला कोटेशन कोण देतं?"

"आपण देणार का?"

"भाव तोंडी सांगतो ना. घ्यायचा तर घ्या."

आप्पांनी खिशातून पेन्सिल काढली, शार्पनर काढला. दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला ताई." पेन्सिलीची सगळी साल काउंटरवर पडली, भाव होता तिथेच राहिला. आम्ही बाहेर आलो. त्या विद्येचा एवढा सपशेल पराभव मी पुन्हा कधी पाहिला नाही.

मग तिसऱ्या कोटेशनसाठी त्यांनी कुठे कुठे निरोप पाठवले. अधूनमधून कुठल्या तरी दुकानाचं उत्तर येई, पण त्यात छत्रीच नसे किंवा दुसराच फ्लॅश असे, आणि आप्पांच्या मते दोन वेगळ्या वस्तूंची तुलना म्हणजे फसवणूक. दरम्यान आणखी एक खंडेनवमी येऊन गेली आणि पट्ट्या पुन्हा पेटल्या. त्या वेळी वाघचौरेंनी फोटो मागितलाच नाही. "राहू द्या आप्पा, आईला मागचा आहे," एवढंच म्हणाले.

आप्पांच्या घरी जेवायला गेलो असताना मी वहिनींसमोर हा विषय काढला. वहिनी भाकरी थापत होत्या.

"तुम्हांला वाटतं आत्ताच असं आहे?" त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी किती पोरी बघितल्या, विचारा."

"दोन," आप्पा म्हणाले.

"मग तिसरी?"

"तिसऱ्यांचा निरोपच आला न्हाई. म्हणून तर तुझं अजून कच्चं हाय. पक्की ऑर्डर निघाली न्हाई."

वहिनींनी भाकरी त्यांच्या ताटात जरा उंचावरून टाकली. "कच्च्या ऑर्डरवर दोन पोरं झाली, एक नात झाली," त्या मला म्हणाल्या. "माल परत करायची मुदत कधीच गेली म्हणावं."

त्या उन्हाळ्यात बातमी आली की प्रेस शॉप हलणार. कंपनीचा दुसरा कारखाना परराज्यात आहे, प्रेस तिकडे जाणार. ज्याला जायचं असेल त्याने जावं, नसेल त्याने हिशेब घ्यावा. वाघचौरेंची मुलं इथल्या शाळेत होती. चिखलीत त्यांनी नुकतं घर बांधलं होतं. त्यांनी हिशेब घ्यायचं ठरवलं. येती खंडेनवमी त्या शेडमधली शेवटची होती.

एका संध्याकाळी वाघचौरे आमच्या टेबलाशी आले. नेहमीसारखे हसत नव्हते.

"आप्पा, यंदा आईला आणतोय. तिला मशीन बघायचंय. आतापर्यंत जमलंच नाही. आता गुडघे गेलेत, पण म्हणते, येतेच."

"आणा की."

"एक फोटो काढाल? चेहरा दिसेल असा."

ते गेल्यावर आप्पा खिडकीतून बाहेर बघत बसले. खंडेनवमी अगदी तोंडावर आली होती. तिसरं कोटेशन कुठेच नव्हतं.

आमच्या विभागात एक सोय असते. अगदीच अडचण असेल तर एकाच पुरवठादाराकडून खरेदी करता येते, पण त्याचं कारण साहेबांना पटवून द्यावं लागतं. माझी अशी कितीतरी प्रकरणं आप्पांनी परत पाठवली होती. "वेळ कमी आहे" या कारणाला तर ते हातही लावू देत नसत. वेळ कमी असणं हा खरेदीवाल्याचा गुन्हा, असं म्हणत.

"समज, मी तुझ्याकडं आलो," आप्पा खिडकीकडे बघतच म्हणाले. "एकाच दुकानातनं फ्लॅश घ्यायचाय म्हणालो. तू काय विचारशील?"

"कारण विचारेन."

"वेळ न्हाई."

मी गप्प राहिलो. गप्प राहायला त्यांनीच शिकवलं होतं.

"तू काय करशील मग?"

"सही करेन, आप्पा."

"म्हंजे मी तुला काय शिकवलंच न्हाई," ते म्हणाले आणि उठले. त्याच संध्याकाळी आम्ही पिंपरी कँपात गेलो. ज्याने लेटरहेडला नकार दिला होता त्याच दुकानात आप्पा शिरले, कारण तेवढंच दुकान उघडं होतं. त्यांनी फ्लॅश घेतला, डब्या घेतल्या. छत्री आणि स्टँड त्याच्याकडे संपले होते. दुकानदाराने आप्पांना ओळखलं. पिशवी देताना म्हणाला, "काका, आज पेन्सिल नाही आणली?"

"आणलीय," आप्पा म्हणाले. "टोक हाय तिला."

खंडेनवमीला आप्पा सकाळपासून प्रेस शॉपमध्ये होते. स्टँड नव्हता, म्हणून त्यांनी फ्लॅश केळीच्या खांबाला बांधला, खोके बांधायच्या पट्टीने. छत्री नव्हती, म्हणून पॅकिंगमधला थर्माकोलचा मोठा पांढरा पत्रा आणला. फ्लॅशचं तोंड थर्माकोलकडे केलं, आणि थर्माकोल धरून मला उभं केलं. उजेड आधी थर्माकोलवर आपटायचा आणि मग पसरून, मऊ होऊन माणसांवर यायचा. आजूबाजूला झेंडू, धूप, नारळाचं पाणी. लोक म्हणत होते, आप्पांनी केळीला वीज जोडली.

वाघचौरेंची आई आली. लहानखुरी, नऊवारी, त्यावर ढगळ जाकीट. तिने प्रेसला हळदकुंकू लावलं. मग मान मागे टाकून मशीनचा माथा कुठे संपतो ते बघितलं.

"रोज एवढ्या मोठ्याच्या तोंडात हात घालतूस व्हय रं?"

"हात नाही गं, पत्रा घालतो," वाघचौरे म्हणाले.

"आजी, इकडं बघा," आप्पा म्हणाले.

"माझा कशाला? लेकाचा काढा. मशीनचा काढा."

"तुम्ही हलू नका, म्हंजे दोघांचाबी निघतो."

पहिल्या वेळी फ्लॅश उडालाच नाही. आप्पांनी केळीपाशी जाऊन डबी दाबून बसवली. दुसऱ्या वेळी उडाला, पण वाघचौरेंचे डोळे मिटले. पुन्हा उडायला फ्लॅशला वेळ लागत होता. "थांबा, दम खाऊ द्या त्याला," आप्पा म्हणाले. सगळे थांबले. त्या थांबण्यात म्हातारीने कॅमेऱ्याचा नाद सोडला आणि मान वळवून लेकाकडे बघायला लागली. त्याच्या कपाळाला लागलेला कुंकवाचा ओघळ तिने पदराने पुसला. तेवढ्यात आप्पांनी बटण दाबलं.

त्यांनी कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिने तो डोळ्याजवळ नेला. वाघचौरे तिच्या खांद्यावरून वाकले होते. पट्ट्या विझलेल्या होत्या. मागे प्रेस, माळा, आणि पुढे दोन चेहरे.

"हां," ती म्हणाली. "ह्यो शिवाजी."

आप्पांनी मान डोलावली, कॅमेरा परत घेतला, आणि उगाचच काच पुसत राहिले.

मग रांग लागली. दुपार होईतो केळीचा खांब हळूहळू कलत गेला आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे शेवटच्या काही फोटोंत उजेड खालून आला आहे, आणि आमचे उत्पादन व्यवस्थापक जत्रेतल्या नाटकातल्या कपटी प्रधानासारखे दिसतात. त्यांनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "साहेब, झाडाला जसं दिसलं तसं आलं."

दिवाळी झाल्यावर एक दिवस आप्पांनी मला मोबाईल दाखवला. कोणत्या तरी दुकानाने तिसरं कोटेशन पाठवलं होतं. लेटरहेडवर, छत्री आणि स्टँडसकट.

"आपण घेतला त्यापेक्षा स्वस्त आहे की," मी म्हणालो.

"हाय ना."

"मग?"

"मग काय? खंडेनवमी झाली व्हती," ते म्हणाले, आणि मोबाईल खिशात ठेवला.

पुढे मला तळवड्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली. अर्ज आप्पांनीच भरायला लावला होता. इथे राहून माझं काही होणार नाही, हे त्यांचं मत, आणि या बाबतीत त्यांनी दुसऱ्या कोणाचं मत मागवलं नाही. नंतर कागदपत्रं न्यायला मी चाकणला गेलो, तो नेमका प्रेस हलवायचा दिवस होता. शेडचा दरवाजा बसका, म्हणून छताचे पत्रे काढले होते आणि बाहेर उभ्या केलेल्या क्रेनचा हात वरून आत आला होता. त्या मोकळ्या छतातून शेडमध्ये ऊन पडलं होतं. त्या फरशीवर ऊन मी पहिल्यांदाच बघत होतो.

प्रेसपाशी वाघचौरे उभे होते. नोकरी संपली होती, म्हणून अंगात घरचा शर्ट आणि वर पाहुण्यांना देतात ते जाकीट. त्यांना आत येण्याचा पास आप्पांनी काढून दिला होता. उन्हात जाकिटाच्या पट्ट्या नुसत्या राखाडी दिसत होत्या. समोर आप्पा, गळ्यात कॅमेरा. फ्लॅशची पिशवी बाजूला तशीच बंद होती.

दोर लावून झाले होते. क्रेनवाला घाई करत होता. "साहेब, क्रेन उभी आहे. थांबण्याचे वेगळे पडतात."

"किती?" आप्पांनी विचारलं.

त्याने आकडा सांगितला. आकडा मला जास्त वाटला, आणि मी आप्पांच्या हाताकडे बघितलं. हात खिशाकडे गेला नाही.

"बरं," ते म्हणाले. "माझ्या नावाव लावा."

आणि गुडघा फरशीवर टेकून ते खाली बसले. पँटला तेलाचा डाग लागेल याची फिकीर न करता त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मोकळा हात वर करून क्रेनवाल्याला थांबायची खूण केली. मी हाक मारली नाही. वाघचौरेंनी शर्टची कॉलर सारखी केली. आप्पांचा तो हात बराच वेळ तसाच उन्हात वर होता.